दांडीवरची जागा

मी चिडकी आहे, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना लपवाछपवी नको. लेकरांच्या वॉर्डात सिस्टर होते तेव्हा बाया माझ्या पाठीमागे म्हणायच्या, "सिस्टर चांगली हाय, फक्त तोंड तिखट हाय." खरंच होतं ते. यवतमाळात वाढले. घरात वडील, काका, आत्याचे यजमान, सगळे कचेरीतले. माझा आवाज चढला की आई डोळे वटारायची. नोकरीला तालुक्याकडे आले आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज वॉर्डात मोकळा झाला. त्या आवाजाने मी पुष्कळांना दुखावलं असेल. एका माणसापुढे मात्र तो बसला, त्याची ही आठवण.

यवतमाळहून एसटीने दीड-दोन तासांवरचं ते ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही, सांगून करायचंय काय? चारही बाजूंनी कापसाची पऱ्हाटी आणि तूर, मध्ये आमची पिवळी इमारत. लेकरांचा वॉर्ड म्हणजे दहा खाटांची एक लांब खोली आणि तिला लागून व्हरांडा. लॅबमध्ये एक मायक्रोस्कोप. एक्स-रे काढायचा तर यवतमाळ गाठा. लाइन दिवसातून कितीदा जायची ते विचारूच नका. फ्रिज बंद पडला की मी थंड ठेवायची औषधं उचलून बर्फाच्या डब्यात हलवायची, लाइन आली की परत फ्रिजमध्ये. घरी गेले तरी कानात तेच, लाइन आली का, लाइन गेली का.

ते कापसाचे वाईट दिवस होते. मुंबई-दिल्लीकडचे पत्रकार गाड्या भरून यायचे, विष घेतलेला पेशंट कुठे आहे असं दारातच विचारायचे, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत जायचे. लेकरांच्या वॉर्डात त्यातला एकही डोकावला नाही. वॉर्डात बरगड्या मोजता येतील अशी लेकरं पडलेली असायची, पण ती बातमी नव्हती. मला तेव्हाही राग यायचा, आत्ता लिहितानाही येतोय.

श्रावणात एक माणूस सायकलीवरून पोरगी घेऊन आला. समोरच्या दांडीवर पोत्याची घडी करून बांधलेली, तिच्यावर पोरगी बसलेली, हँडल धरलेल्या त्याच्या दोन हातांच्या मधे. पाच वर्षांची होती. वजनकाट्यावर ठेवली तर काटा अकरावर थांबला. महिनाभरापासून संध्याकाळचा ताप, जेवण नाही, मानेला बारीक गाठी. आई घरी बाळंतीण, म्हणून वॉर्डात बापच राहिला. नऊ बाया आणि हा एकटा पुरुष. पहिल्या दिवशी बाया पदर तोंडाला लावून हसल्या, कारण हा मांडीवर पोरीला घेऊन तेल लावून वेणी घालत होता. आणि कशी घातली म्हणता? तीन पेडांची, ताठ, एक केस बाहेर नाही. आठवडाभरात त्याच बाया आपापल्या पोरी त्याच्यापुढे बसवायला लागल्या. वॉर्डात फिरताना तो दुपट्टा नाकातोंडावर धरायचा. मला वाटलं, बायांच्या वॉर्डात आहे म्हणून अदब पाळतो. मला ते आवडलंही होतं.

दाखल करताना मी नेहमीचे प्रश्न विचारले होते. घरात कोणाला क्षयरोग होता का? "नाही जी." कोणाला जुना खोकला? "नाही जी." मी कागदावर दोनदा 'नाही' लिहिलं.

आमचे डॉक्टर वयाने लहान, पण माणूस चांगला. दहा दिवस साधी औषधं देऊन पाहिली, ताप हलला नाही. यवतमाळहून काढून आणलेल्या एक्स-रेत छातीत धूसर दिसत होतं, पण धूसर कशानेही दिसतं. त्यांचा संशय क्षयाचा, टीबीचा. आता मोठ्या माणसाचं सोपं असतं. तो खाकरून बेडका काढतो, तो काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहता येतो. लेकरू बेडका काढत नाही, गिळतं. मग टीबी आहे हे सांगणार कोण? आणि पुराव्याशिवाय सहा महिन्यांच्या जड गोळ्या अकरा किलोच्या पोरीला द्यायला डॉक्टर धजत नव्हते. तिकडे पोरगी दिवसेंदिवस कमी होत चालली होती. तिची दवा सुरू होणार की नाही, सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं.

एक उपाय होता, हातावरची सुई. कातडीखाली औषधाचा थेंब सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी तिथे गाठ आली तर ती पट्टीने मोजायची. माझ्या बर्फाच्या डब्यातल्या शेवटच्या बाटलीतला शेवटचा थेंब तिच्या हातात गेला. त्याला मी बजावलं, "धुवायचं नाही, खाजवायचं नाही, चोळायचं नाही. समजलं?"

"हव जी."

मग त्याने चाचरत सुटी मागितली. दुसऱ्या दिवशी बैलांची खांदशेकणी, तिसऱ्या दिवशी पोळा. घरी बाळंतीण बाई, बैलांचं करणार कोण? मी म्हटलं, "पोळ्याच्या सकाळी हात दाखवायला आलं पाहिजे. सणबिण मला सांगायचं नाही." डॉक्टरांनीही मान डोलावली, सुटी मिळाली.

पोळ्याच्या सकाळी, जेव्हा गावातला एकही माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही, तेव्हा हा बरोबर नऊला हजर. कपाळाला गुलाल नाही, अंगावर नवा कपडा नाही. बैल शेजाऱ्याच्या हवाली करून आला होता. मी खूश झाले. पोरीची बाही वर केली आणि माझं डोकं सटकलं. सुई दिली होती तिथे हळद-तूप फासलेलं, आणि त्याखाली पाण्याने भरलेला हा एवढा काळपट फोड.

"हे काय केलं?"

"बिबा लावला जी. आन् शेकलं."

"का पण? सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"धुवाचं नाही सांगतलं, नाही धुतलं. खाजवू नाही देल्लं. चोळलं बी नाही." तो खरोखर एकेक बोट दुमडून सांगत होता. "काल सांजेले बैलाइचे खांदे शेकून राह्यलो होतो. इनं हात दाखवला. गाठ आलती, लालबुंद. जू घासून बैलाचा खांदा सुजला का आमी बिबा लावतो, हळद-तुपानं शेकतो. उतरते. म्हटलं, इचीबी सूज उतरन."

"अहो, तो हात आहे का बैलाचा खांदा? ती सूजच मोजायची होती मला! ती उतरवायला कोणी सांगितलं तुम्हाला? अक्कल गहाण ठेवली होती का?" मी जे काही बोलले त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. पोरगी रडायला लागली. तो मान खाली घालून उभा होता. माझं संपल्यावर एवढंच म्हणाला, "चुकलं जी. आता पुढचं सांगा. तुमी सांगान तसंच करीन."

डॉक्टर पट्टी घेऊन आले, फोडाकडे पाहिलं आणि पट्टी परत खिशात ठेवली. बिब्ब्याने उतलेला फोड आणि सुईची गाठ, कोण वेगळं करणार? दुसरी बाटली यवतमाळहून येणार होती, पण तिचं 'आज येते, उद्या येते' चाललेलं. आता राहिलं पोटातलं पाणी. लेकरू रात्रभर जो बेडका गिळतं तो पहाटे पोटात असतो. नाकातून बारीक नळी घालून तो ओढून काढायचा, तीन सकाळी. अट एकच. लेकराने उठायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. उठलं, चाललं, काही प्यालं की पोट पुढे ढकलतं आणि हाती काही लागत नाही.

पहिली सकाळ वाया गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला दया आली, "माय वं, पोट्टी उपाशी" म्हणत तिने चहात टोस्ट बुडवून भरवला, तोही बाप तोंड धुवायला गेला तेवढ्यात. मी त्या बाईवर ओरडले. त्याने मात्र रात्री जुन्या लुगड्याची एक मऊ पट्टी फाडली. तिचं एक टोक पोरीच्या पायाला सैल बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि तिच्या खाटेखाली आडवा झाला. "नव्या वासराले असंच ठेवतो जी. हाललं का समजते." मी नळी घेऊन येईपर्यंत तो जागचा हलला नाही. तीही नाही. आणि ती उपाशी तोवर तोही उपाशी. पाणीसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पोरगी पाह्यते ना मले."

दुसऱ्या सकाळचं पाणी लॅबमध्ये गेलं. काही निघालं नाही. तिसऱ्या सकाळी नळी घालताना त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती हातपाय झाडत होती आणि तो तिच्याशी बैलांबद्दल बोलत होता, पांढऱ्यानं खांदशेकणीला काय केलं, तांबड्यानं कशी पेंड सांडली. मधेच त्याने मान वळवली, दुपट्टा तोंडावर घेतला आणि खोकला. दबका, खोल, छातीच्या तळातून आलेला खोकला. मी नळी धरून तशीच थांबले.

"हा खोकला कधीचा तुम्हाला?"

"हा? हा फवारनीचा हाय जी."

"मी विचारलं होतं ना, घरात खोकला कोणाला? तुम्ही नाही म्हणालात."

"खोकला नाहीच जी. फवारनीचा हाय. पंप पाठीवर घेतला का साऱ्याइलेच येते. थो काय बिमारीतला खोकला हाय?"

"किती दिवस?"

त्याने खरंच आठवून सांगितलं. "मांगच्या दिवाळीपासून असन."

अवं माय! दिवाळीत कोण फवारतं? मागची दिवाळी म्हणजे दहा महिने झाले. त्याला काय बोलायचं? तो खोटं बोललाच नव्हता. वावरातला खोकला आणि दवाखान्यातला खोकला, त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. राग आला तो मला माझाच. पंधरा दिवस हा माणूस माझ्या वॉर्डात, माझ्या नाकासमोर दुपट्ट्यात खोकत होता आणि मी त्याला अदब समजत होते. लेकराला टीबी होतो तो कुठल्यातरी मोठ्या माणसाकडून, हे मला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. वरून अक्कल गहाण ठेवली का असं मी त्याला विचारलं होतं!

तिसऱ्या सकाळच्या पाण्यातही काही निघालं नाही. पण मी त्याच्या हातात डबी दिली आणि व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं, खाकरून बेडका आणायला. एक डबी तेव्हा, एक दुसऱ्या सकाळी. आमचा लॅबवाला कमी बोलणारा. त्याने मला हाक मारली नाही, नुसता स्टूल सोडून बाजूला झाला. मी वाकून पाहिलं. निळ्यावर लाल काड्या, टीबीचे जंतू. एक-दोन नाही, जिकडे तिकडे.

त्याला सांगायचं काम माझ्यावर आलं. व्हरांड्यात बाकावर बसवलं. मी आयुष्यात इतकी हळू कधी बोलले नव्हते. तुम्हाला टीबी आहे, औषध आहे, बरे व्हाल, असं सगळं सांगितलं.

"मंग तिले मीच देल्ला काय?"

खोटं बोलता आलं असतं. "सांगता येत नाही" म्हटलं की सुटले असते. पण पंधरा दिवस ज्याने माझा शब्द न् शब्द पाळला त्याच्याशी खोटं बोलायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "हो. बहुतेक तुमच्याकडूनच."

त्याने तोंड समोरच्या कडुनिंबाकडे फिरवलं. मला वाटलं रडेल, किंवा उठून निघून जाईल. असे निघून गेलेले बाप मी पाहिले होते. मग तो माझ्याकडे वळला.

"मंग आता तं समजलं ना, तिले काय झालं थे?"

"हो, बापाला आहे म्हटल्यावर डॉक्टर आता थांबणार नाहीत."

"म्हंजे तिची दवा चालू होते?"

"आजच."

"बरं झालं मले निंघाला," तो म्हणाला. "बरं झालं जी. नाही तं अजून किती दिस तिले हे नळी घालत बसा लागलं असतं."

मला तिथे बसवेना. आत जाऊन औषधांचं कपाट उघडलं आणि त्याच्या दाराआड उभी राहून रडले, स्पष्टच सांगते. इतकी वर्षं झाली, मोठमोठी माणसं पाहिली, पुरस्कार घेणारी पाहिली. त्या बाकावर बसलेल्या माणसाएवढं मोठं मन मला परत दिसलं नाही.

त्या दिवशी दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. लेकरांसाठी वेगळ्या गोळ्या आमच्याकडे नव्हत्या, मोठ्यांचीच गोळी ब्लेडने कापून, चमच्यात चुरून, गुळाच्या पाण्यातून द्यायची. दुसऱ्या दिवशी पोरगी घाबरून सांगत आली की तिला लाल सू होते; गोळ्यांचाच रंग तो. बाप व्हरांड्यातून म्हणाला, "मलेबी होते. आपन दोघंबी एकाच वानाचे." ती इतकी हसली की खोकलाच आला.

व्हरांड्यातून म्हणाला, कारण त्याने आपलं अंथरूण बाहेर हलवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की काही दिवस लेकरांपासून लांब राहा, तर त्याने त्याच क्षणी पथारी उचलली. पण पट्टी सोडली नाही. तिला दुसरी पट्टी जोडली, तिसरी जोडली, आणि ती खिडकीच्या गजातून बाहेर काढली. आत एक टोक पोरीच्या पायाला, बाहेर एक टोक त्याच्या मनगटाला. आता उठू न देण्याचा प्रश्न राहिला नव्हता. ती आतून ओढायची, तो बाहेरून ओढायचा. पट्टी वॉर्डाच्या मधोमध आडवी यायची, मी दोनदा अडकून पडता पडता वाचले, आणि मी, चिडकी मी, एक शब्द बोलले नाही. वॉर्डातली बाकीची लेकरं आम्ही तपासून घेतली, त्याची बायको आणि तान्हं बाळही. त्यात तीन आठवडे गेले. कोणाला काही निघालं नाही. बाळाला तेवढ्या टीबी होऊ नये म्हणून जपणुकीच्या गोळ्या लावल्या.

ताप उतरला तसं त्यांना घरी सोडलं. मग एक दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा, माझ्यासमोर गोळ्या घ्यायला दोघं सायकलीवरून यायचे. पहिल्याच खेपेला मला दिसलं की दांडीवरची पोत्याची घडी गेली. ती मागच्या कॅरिअरवर बांधलेली, पोरगी मागे बसलेली, बापाच्या पाठीला धरून. मी म्हटलं, "मागे का बसवली? पाय चाकात जाईल."

"समोर बसली का माहा श्वास तिच्या डोक्शावर पडते." तिचे पाय त्याने लुगड्याच्या त्याच पट्टीने कॅरिअरला बांधले होते.

कापूस वेचणीला आला, तूर भरली, थंडी पडली. त्याच्या शेताचं काय चाललं होतं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचा एक दिवस चुकला नाही. दोन महिन्यांनी त्याचा बेडका तपासला, साफ निघाला. मी म्हटलं, "झालं भाऊ, आता तुमच्यापासून काही होत नाही. घ्या तिला समोर." पोरीने टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "गोळ्या सरू द्या जी. एक खेप मी माह्या मनानं केलतं." बिब्ब्याचं तो विसरला नव्हता. पोरगी रुसून मागे बसली. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, नाहीच ऐकलं. आमचं प्रत्येक सांगणं पाळणाऱ्या त्या माणसाने तेवढं एक पाळलं नाही.

होळीच्या सुमारास गोळ्या संपल्या. पोरगी काट्यावर उभी राहिली, सोळा किलो. गाल आले होते, वेणी जाड झाली होती. त्याचा शेवटचा बेडका साफ. मी कागदावर सही करून म्हटलं, "आता तरी?"

तो जागचा हलेना. "सिस्टरबाई, अजून एक डाव पाहून घेता काय?"

दुसरा कोणी असता तर माझं तोंड सुटलं असतं. मी डबी दिली. लॅबवाल्याला सांगितलं तर तो पुटपुटला, पण काच तयार केली, पुन्हा वाकला, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला. मग स्वतः उठून बाहेर आला, जे तो कधी करत नसे, आणि त्या माणसाला म्हणाला, "काहीच नाही. घेऊन जा पोरीला."

फाटकापाशी त्याने सायकल कडुनिंबाला टेकवली, कॅरिअरवरची घडी सोडली आणि दांडीवर बांधायला लागला. गाठ मारायला त्याला वेळ लागत होता. पोरगी कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"मी मोठी झाली आता. मांगंच बसतो."

"आजच्या दिस बस."

"पाय खाली लागतेत माहे."

"बस ना वं माय," तो म्हणाला. "आजच्या दिस."

ती बसली. पाय खरंच लांब झाले होते. त्याने सायकलीवर टांग टाकली, दोन्ही हात तिच्या बाजूंनी घेऊन हँडल धरलं, आणि हनुवटी हळूच तिच्या डोक्यावर टेकवली. मला वाटलं आता निघेल. पण तो एक पाय जमिनीवर टेकून तसाच उभा राहिला. डोळे मिटलेले. श्वास घेत होता, सोडत होता, तिच्या केसांवर. "बाबा, चला ना," ती म्हणत होती.

आतून मला हाक मारत होते. मी गेले नाही.